अठ्ठ्याहत्तर वर्षांनी फिटलेले ऋण

डिसेंबर महिना उजाडला की आपल्याकडे नौदलाची आठवण निघते. ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ साली याच रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी थेट कराची बंदरासमोर जाऊन पाकिस्तानच्या आरमाराला जबर तडाखा दिला. ९ डिसेंबरला 'खुकरी' आठवते. १८ डिसेंबरला गोवा मुक्तिसंग्रामातील अंजदीव बेट आठवते. किंवा असे म्हणू या, की या तारखा आठवायला हव्यात. या मालिकेच्या आरंभी आणखी एक तारीख आहे. ती आपल्या इतिहासातली नाही, परंतु ती आपल्याला बरेच काही शिकवू शकते. ती तारीख म्हणजे १ डिसेंबर. १९४२ साली या दिवशी तिमोरच्या समुद्रात एक अठरा वर्षांचा खलाशी बुडत्या जहाजावरच्या तोफेशी परतला आणि जहाजासोबत तळाला गेला. २०२० साली त्याच तारखेला त्याच्या देशाने त्याला आपला सर्वोच्च शौर्यसन्मान अर्पण केला. या दोन दिवसांमध्ये तब्बल ७८ वर्षे गेली. शौर्य घडायला काही क्षण लागले, ते मान्य व्हायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. या विलंबाची कथा प्रत्येक राष्ट्रप्रेमी नागरिकाने समजून घ्यावी अशी आहे.

एडवर्ड शीअन हे त्याचे नाव. घरी आणि जहाजावर सारे त्याला टेडी म्हणत. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर २८ डिसेंबर १९२३ रोजी तो जन्मला. वडील मजुरी करणारे. चौदा भावंडांतले हे शेंडेफळ. लॅट्रोब या लहानशा गावात तो वाढला, गावच्या शाळेत शिकला आणि हाताला मिळेल ते शेतावरचे काम करू लागला. युद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्या पाच भावांनी एकामागून एक गणवेश चढवला. चौघे भूदलात गेले, एक नौदलात. एप्रिल १९४१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षातच असलेल्या टेडीनेही नौदलात नाव नोंदवले. हुद्दा 'ऑर्डिनरी सीमन', म्हणजे साधा खलाशी. नौदलाच्या उतरंडीतली ही जवळजवळ शेवटची पायरी.

प्रशिक्षणानंतर मे १९४२ मध्ये त्याची रवानगी सिडनी बंदरात झाली. तेथे 'कटाबुल' नावाच्या जुन्या प्रवासी बोटीवर नौसैनिकांची राहण्याची सोय होती. ३१ मे च्या रात्री जपानच्या छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या आणि त्यांच्या पाणतीराने ही बोट बुडाली. २१ नौसैनिक झोपेतच मृत्युमुखी पडले. टेडी त्या वेळी रजेवर घरी गेला होता. परत आला तो थेट 'आर्मिडेल' या नव्या कोऱ्या युद्धनौकेवर रुजू झाला. ११ जून १९४२ रोजी ही नौका सेवेत दाखल झाली. नौकेच्या मागच्या भागातील ओर्लिकॉन या विमानविरोधी तोफेवर त्याची नेमणूक झाली. तीही तोफ डागणारा म्हणून नव्हे, तर तोफेत दारूगोळा भरणारा मदतनीस म्हणून. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आता त्या दिवसाकडे वळू. १९४२ च्या अखेरीस तिमोर बेट जपानच्या ताब्यात होते. डोंगरांमध्ये ऑस्ट्रेलियाची एक लहानशी तुकडी महिनोन्‌महिने गनिमी काव्याने झुंजत होती. जवान थकले होते, आजारी पडले होते. त्यांना सोडवून आणणे, त्यांच्याऐवजी ताजे डच सैनिक उतरवणे आणि बेटावर अडकलेल्या डच सैनिकांची व पोर्तुगीज स्त्रिया-मुलांची सुटका करणे, अशी ही मोहीम होती. २९ नोव्हेंबरला 'आर्मिडेल' आणि 'कॅसलमेन' या दोन नौका डार्विनहून निघाल्या. 'कुरू' ही लहान नौका पुढे गेली होती. वाटेतच जपानी विमानांनी नौकांना हेरले. मोहिमेचा सुगावा लागला होता. ठरलेली वेळ चुकली. समुद्रातच स्त्रिया-मुलांना 'कुरू'वरून 'कॅसलमेन'वर चढवून ती नौका डार्विनकडे धाडण्यात आली. उरलेल्या दोन नौकांनी पुन्हा तिमोरकडे जावे, असा आदेश होता. विमानांचे संरक्षण मागितले गेले, पण ऐन वेळी आकाशात स्वपक्षाचे एकही विमान नव्हते.

१ डिसेंबरच्या दुपारी एकट्या पडलेल्या 'आर्मिडेल'वर जपानच्या किमान तेरा विमानांनी झडप घातली. नौका नागमोडी वळणे घेत, तोफा डागत तगून राहिली. तीन वाजून पंधरा मिनिटांनी डाव्या कुशीत पहिला पाणतीर घुसला. पाठोपाठ दुसरा यंत्रकक्षात फुटला आणि मागच्या भागावर बाँब पडला. नौका झपाट्याने कलंडू लागली. जहाज सोडण्याची आज्ञा झाली.

या आज्ञेला फार महत्त्व आहे. ही आज्ञा झाल्यानंतर खलाश्याचे कर्तव्य संपते. पुढे त्याने स्वतःचा जीव वाचवावा, हेच अपेक्षित असते. टेडी शीअनने प्रथम एक तराफा मोकळा करायला हात दिला. माणसे पाण्यात उड्या टाकत होती. तेवढ्यात जपानी विमाने खाली झेपावली आणि पाण्यात तरंगणाऱ्या निःशस्त्र माणसांवर यंत्रबंदुकांचा मारा करू लागली. टेडी पाण्याच्या काठावर, म्हणजे सुटकेपासून एका उडीच्या अंतरावर उभा होता. तो वळला. कलंडत्या डेकवरून चढत मागच्या तोफेपाशी गेला आणि तिला स्वतःला जखडून घेतले. छातीला आणि पाठीला जखमा झालेल्या होत्या. ज्याचे काम केवळ गोळे भरण्याचे, त्या पोराने तोफ हाती घेतली. त्याने एक बाँबफेकी विमान पाडले. बाकीची विमाने पाण्यातल्या माणसांपासून दूर राहतील, इतका मारा त्याने चालू ठेवला. नौकेचा मागचा भाग पाण्याखाली जाऊ लागला तरी तोफ थांबली नव्हती. वाचलेल्यांनी नंतर सांगितले, की तो दिसेनासा होईपर्यंत गोळ्या सुटत होत्या.

नौकेवर १४९ जण होते. वाचले ते अवघे ४९. तराफ्यावर, होडीत आणि मोडक्या व्हेलबोटीत त्यांनी कित्येक दिवस काढले. तराफ्यावरच्या गटाची कहाणी तर काळीज पिळवटणारी आहे. ८ डिसेंबरला एका कॅटलिना विमानाने त्यांना हेरले, त्यांचे छायाचित्रही घेतले. परंतु समुद्र खवळलेला असल्यामुळे विमानाला उतरता आले नाही. नंतर त्या तराफ्याचा शोध कधीच लागला नाही. बुडालेल्यांत ऑस्ट्रेलियाचे खलाशी होते, तसेच डचांच्या सैन्यात भरती झालेले जावा बेटावरचे सैनिकही होते. ४९ जण जे परतले, त्यांतल्या अनेकांना आपण जगलो याचे कारण ठाऊक होते. त्या कारणाचे नाव टेडी शीअन.

मग त्याला काय मिळाले? 'मेन्शन इन डिस्पॅचेस', म्हणजे युद्धवृत्तात नावाचा उल्लेख. शौर्याबद्दल दिली जाणारी ती सर्वात लहान दखल होती. येथे त्या काळचा एक नियम सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश पद्धतीनुसार रणांगणावर मृत्यू पावलेल्या वीराला दोनच सन्मान देता येत. एक व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे सर्वोच्च आणि दुसरा हा नामोल्लेख, म्हणजे सर्वात लहान. मधली सारी पदके जिवंत माणसांसाठी होती. मृताच्या बाबतीत निर्णय करणाऱ्याला आकाश तरी गाठावे लागे किंवा जमिनीवर तरी बसावे लागे. टेडीच्या बाबतीत जमिनीवर बसण्याचा निर्णय झाला. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या नौदलाच्या शिफारशी लंडनच्या नौदल मुख्यालयाकडे जात. साध्या खलाश्याच्या कागदाला किती दारे ओलांडावी लागत, याची कल्पना यावरून यावी.

आणि येथे एक तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. पहिल्या महायुद्धात, ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या सागरी युद्धात जॅक कॉर्नवेल नावाचा ब्रिटिश नौदलातला सोळा वर्षांचा मुलगा आपल्या तोफेपाशी एकटा उभा राहिला. भोवतीचे सारे सहकारी पडले होते. २ जूनला त्याचा मृत्यू झाला. आधी त्याचे दफन एका सामायिक थडग्यात झाले. त्याची कथा लोकांना समजताच सन्मानाने पुन्हा दफनविधी झाला आणि सप्टेंबर उजाडण्यापूर्वी साऱ्या इंग्लंडला त्याचे नाव ठाऊक झाले होते. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. अवघ्या साडेतीन महिन्यांत.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे हे जवान १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होते. यंत्रबंदुकीच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सर्व सहकारी ठार वा घायाळ झाले. घाडगे एकटेच मोर्चावर तुटून पडले, हातबाँब फेकला, बंदूक बंद पाडली. गोळ्या संपल्यावर हातातली बंदूक सोट्यासारखी चालवून शत्रूला लोळवले आणि मोर्चा जिंकल्यावर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस नोव्हेंबर १९४४ मध्ये, म्हणजे चार महिन्यांच्या आत जाहीर झाला. पारतंत्र्यातल्या देशाचा, खेड्यातून आलेला, हुद्द्याने लहान असा हा जवान. त्याच्या पराक्रमाची दखल तत्काळ घेतली गेली. त्याच साम्राज्यात, त्याच युद्धात, त्याच पदकासाठी टेडी शीअनला ७८ वर्षे लागली.

फरक कोठे पडला? घाडगे यांच्या पराक्रमाचे साक्षीदार जागेवर होते, पलटण जागेवर होती आणि नोंद ताजी व तपशीलवार झाली. 'आर्मिडेल'चे सारेच बुडाले. जे वाचले ते समुद्रातून अर्धमेले निघाले आणि विखुरले गेले. कोणी काय पाहिले, हे तेव्हा एकत्र बसून कोणी नीट लिहून घेतले नाही. शौर्य तेवढेच होते. साक्ष मात्र लिहिली गेली नाही. या साऱ्या प्रकरणाचे सार आम्हाला येथेच दिसते.

ती साक्ष पुढे समाजाने जपली, ही ऑस्ट्रेलियाच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे. लॅट्रोब गावाने आपल्या मुलाच्या नावाने स्मृतिमार्ग उभारला. डेल मार्श या चित्रकाराने १९७८ मध्ये तोफेवरचा टेडी रंगवला आणि ते चित्र कॅनबेराच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात लागले. वाचलेल्या खलाश्यांनी आठवणी सांगितल्या, त्यांवर पुस्तक निघाले. पुढे नौदलाने आपल्या एका नव्या पाणबुडीला 'शीअन' हे नाव दिले. १ मे १९९९ रोजी टेडीच्या बहिणीच्या हस्ते तिचे जलावतरण झाले. साध्या खलाश्याचे नाव नौकेला देण्याचा तो त्या नौदलातला पहिलाच प्रसंग. पाणबुडीचे बोधवाक्य ठरले, 'लढत राहा'. शीअनच्या आप्तांनी आणि टास्मानियाच्या लोकप्रतिनिधींनी सन्मानासाठी पाठपुरावा सोडला नाही.

सरकारी वाट मात्र काट्यांची होती. २००१ साली संसदेत यासाठी एक विधेयक आले, ते संमत झाले नाही. पुढे जुन्या शौर्यप्रकरणांची फेरतपासणी करणारी चौकशी नेमली गेली. २०१३ च्या तिच्या अहवालाने शीअनला व्हिक्टोरिया क्रॉस देण्याची शिफारस केली नाही. २०१९ मध्ये संरक्षण खात्याच्या सन्मानविषयक अपील न्यायाधिकरणाने सारी कागदपत्रे पुन्हा तपासली आणि शीअनचा पराक्रम सर्वोच्च सन्मानाच्या कसोटीला उतरतो, असा निर्वाळा दिला. तरीही मे २०२० मध्ये सरकारने नकार दिला. नवा पुरावा नाही, हे कारण सांगण्यात आले. देशभर नाराजी उमटली. तेव्हा पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी माजी संरक्षणमंत्री ब्रेंडन नेल्सन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सन्मान द्यावा असे सांगितले. ऑगस्टमध्ये राणी एलिझाबेथ यांची मान्यता मिळाली आणि १ डिसेंबर २०२० रोजी, बलिदानाच्या स्मृतिदिनी, गव्हर्नर जनरल डेव्हिड हर्ली यांच्या हस्ते हा सन्मान शीअन कुटुंबाला प्रदान झाला. ऑस्ट्रेलियाला मिळालेला हा १०१ वा व्हिक्टोरिया क्रॉस आणि तिच्या नौदलातला पहिला. पहिला मान मिळाला तो कोणा सेनापतीला नव्हे, तर मजुराच्या चौदाव्या अपत्याला.

या प्रकरणाची दुसरी बाजू मांडणे न्यायाला धरून होईल. नकार देणारे सारेच कोत्या मनाचे होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा युक्तिवाद विचार करण्याजोगा होता. पाऊण शतकानंतर साक्षीदार उरत नाहीत. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी त्या काळचे नियम पाळून निर्णय घेतला असेल तर आजच्या भावनेने तो फिरवावा का? एकाला दिले तर दुसऱ्याला का नाही? सर्वोच्च सन्मानाचा मान त्याच्या दुर्मिळपणात असतो, तो लोकमताच्या रेट्याने वाटला जाऊ लागला तर पदकाचे मोल घटेल. ही भीती खोटी नाही. आपल्याकडेही पुरस्कारांचे राजकारण कसे चालते, हे आपण पाहतो. म्हणूनच शौर्याच्या सन्मानाची कसोटी कठोर असावी, असे आमचेही मत आहे.

परंतु कठोर कसोटी वेगळी आणि बंद दार वेगळे. शीअनच्या बाबतीत अखेर जे घडले ते लोकमताने कसोटी मोडल्यामुळे घडले नाही. कागद पुन्हा वाचले गेले, साक्षी पुन्हा तोलल्या गेल्या आणि मूळ मूल्यमापन अपुरे होते असे आढळले, म्हणून घडले. दीर्घकाळ गेला म्हणून अन्याय न्याय्य ठरत नाही. मृताला पदकाचा उपयोग नसतो, हे खरे. टेडीला १९४२ साली किंवा २०२० साली त्याचे काहीच अप्रूप नसणार. पण ज्या राष्ट्रासाठी तो गेला, त्या राष्ट्राला आपल्या मुलांसमोर ताठ मानेने उभे राहायचे असते. ते ऋण जिवंतांवर असते. ते फेडले नाही तर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते.

आता आपल्याकडे पाहू. टेडीच्या कथेशी आपला एक धागा असा आहे, की तो बहुतेकांना ठाऊक नाही. 'आर्मिडेल' ज्या वर्गातली नौका होती त्या 'बॅथर्स्ट' वर्गाच्या एकूण ६० नौका ऑस्ट्रेलियात बांधल्या गेल्या. त्यांपैकी चार शाही हिंदी नौदलासाठी होत्या. त्यांची नावे 'बॉम्बे', 'मद्रास', 'बेंगाल' आणि 'पंजाब'. सिडनी बंदरात 'कटाबुल' बुडाली त्या रात्री 'बॉम्बे' तेथेच नांगरलेली होती. आणि 'आर्मिडेल' बुडण्याच्या अवघ्या वीस दिवस आधी, ११ नोव्हेंबर १९४२ रोजी, हिंदी महासागरात 'बेंगाल'ने एका डच तेलवाहू जहाजाचे रक्षण करताना आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या दोन जपानी जहाजांना तोंड दिले. त्यांतले एक, 'होकोकू मारू', त्या लढाईत बुडाले. 'बेंगाल'वरचे तोफची कोण होते, दारूगोळा कोणी पुरवला, कोणत्या गावची ती मुले होती? शाळेच्या पुस्तकात तर नाहीच, घरच्या गप्पांतही ती नावे येत नाहीत. मालक परकीय होते, म्हणून त्या मुलांचे धैर्य परके ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतरचे पाहिले तरी चित्र फार वेगळे नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी अंजदीव बेटावर उतरलेल्या नौदलाच्या तुकडीवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. सात तरुण नौसैनिक कामी आले. त्यांचे स्मारक गोव्यात 'आयएनएस गोमंतक' या नौदल तळावर आहे. दुसऱ्याच दिवशी गोवा मुक्त झाला. आज सुटीत गोव्याला जाणाऱ्या लाखो मराठी कुटुंबांपैकी किती जणांना त्या सातांचा आकडा तरी ठाऊक असेल? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ 'खुकरी' बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना वाचवण्याची धडपड करत स्वतः नौकेसोबत जलसमाधी घेतली. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले आणि त्यांचे नाव अजरामर झाले. ते योग्यच झाले. पण त्या रात्री १८ अधिकाऱ्यांबरोबर १७६ खलाशीही गेले. दीवच्या स्मारकाला भेट देणाऱ्याने थांबून ती नावे वाचावीत, इतकी तरी अपेक्षा आपण स्वतःकडून करावी.

आपल्या नौदलाने साध्या खलाश्याकडे दुर्लक्ष केले, असा आरोप आम्ही करत नाही. १९७१ च्या युद्धात लीडिंग सीमन चिमण सिंह यांना महावीर चक्र देऊन गौरवण्यात आले. जखमी अवस्थेत, शत्रूच्या गोळीबारात सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी ते पुढे झाले होते. आपले परमवीर चक्र आजवर २१ वीरांना मिळाले. त्यांत २० भूदलाचे आणि एक वायुदलाचे. नौदलाचा कोणी नाही, जसा २०२० पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या यादीत नव्हता. ही वस्तुस्थिती आम्ही नोंदवतो. त्यावरून लगेच कोणाला पदक द्या अशी मागणी करणे हा आमचा हेतू नाही. तो निर्णय पुरावे तपासणाऱ्यांनी करायचा. आमचा प्रश्न समाजाला आहे. पुरावा म्हणून उद्या जे लागेल, ते आज आपण लिहून ठेवतो आहोत का?

खरे तर ही परंपरा आपल्या मातीतली आहे. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ उभे आहेत. गावाची गुरे राखताना, वेस राखताना जो पडला, त्याच्यासाठी गावाने दगड कोरला. तो सरदार होता की साधा माणूस, हे गावाने पाहिले नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे तर नौकायुद्ध कोरलेले वीरगळ आहेत. ओळीने वल्ही मारणारे नाविक, एकमेकांवर चालून जाणाऱ्या नौका, खाली पडलेले वीर आणि वरच्या पट्ट्यात त्यांना स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. शिलाहार आणि यादव यांच्यातील सागरी युद्धाचे ते स्मारक असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी खलाश्याला दगडात स्थान दिले. आज आपण त्या दगडाजवळून लोकलने रोज जातो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून भाबडी हळहळ पुरेशी नाही. काही करण्याजोगे आहे आणि त्याला फार वेळ उरलेला नाही. १९७१ च्या युद्धात जे विशीत होते, ते नौसैनिक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. अंजदीववर उतरलेले तर ऐंशीच्या पुढे आहेत. कोकणात अशी शेकडो घरे आहेत, जेथे भिंतीवर गणवेशातला एक फोटो आहे आणि ओटीवर एक वृद्ध गृहस्थ बसलेले आहेत. नातवंडांना ते केवळ 'नेव्हीतले आजोबा' म्हणून ठाऊक आहेत. ते कोणत्या नौकेवर होते, त्या रात्री त्यांच्या शेजारी कोण होते, कोणी कोणाला पाण्यातून ओढले, हे त्यांना विचारावे. बसून ऐकावे आणि लिहून घ्यावे. तारीख, नौकेचे नाव, सोबत्यांची नावे, स्वाक्षरी. आज प्रत्येक हातात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. त्याचा याहून चांगला उपयोग कोणता? शाळांनी नौदल दिनाला रांगोळ्या काढाव्यात, चित्रस्पर्धा घ्याव्यात, पण त्याबरोबर आपल्या पंचक्रोशीतील एका तरी माजी नौसैनिकाची साक्ष नोंदवून ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे आणि गावच्या वाचनालयात जमा करावी. तरुण कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. यात भाषण नाही, हारतुरे नाहीत, छायाचित्रही फारसे छापून येणार नाही. म्हणूनच ते आपले काम आहे.

माणगावच्या यशवंत घाडगे यांचे उदाहरण पुन्हा पाहा. माणगावला त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभारले. जेथे ते पडले त्या परक्या भूमीतल्या लोकांनी ७९ वर्षांनी आठवण ठेवली. आपल्या घराजवळ जे पडले त्यांची आठवण आपण ठेवू शकत नसू, तर दोष विस्मृतीच्या नावावर टाकून चालणार नाही.

टेडी शीअन तोफेकडे वळला तेव्हा त्याला कोणी पाहत आहे की नाही, याचा विचार त्याने केला नसणार. पाण्यातल्या ४९ जणांनी ते पाहिले आणि ते सांगत राहिले. त्या सांगण्यानेच अखेर ७८ वर्षांनी एका राष्ट्राने आपले ऋण फेडले. आपल्या किनाऱ्यावरचे साक्षीदार अजून हयात आहेत. या नौदल दिनी त्यांच्या ओटीवर जाऊन बसू या.